आठवी घडाघडा वाचते, कळत काहीच नाही

खडू_डस्टर:
आठवीला इतिहास शिकवते. काल इंग्रजांच्या काळातल्या कायमधारा पद्धतीचा परिच्छेद एका मुलीने जराही न अडखळता वाचला. काय कळलं विचारलं तर म्हणाली, "बाई, तिकडे कायम पाऊस पडतो." धारा म्हणजे पावसाच्या धारा! वर्ग हसला. पण तिने निदान काहीतरी अर्थ लावला होता, बाकीच्यांनी तेवढंही नाही. दोनदा वाचून घेते, महत्त्वाचं अधोरेखित करा म्हणते, तर अख्खं पान पिवळं करून आणतात. तुम्ही काय करता?

जुना_मास्तर:
बाई, चूक तिची नाही. 'धारा' म्हणजे शेतसारा आणि कायमधारा म्हणजे तो कायमचा ठरवून टाकलेला, हे वाचायच्या आधी सांगायला हवं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना साऱ्याची पावती आणायला सांगा, निम्मा धडा तिथेच होतो.
दुसरं म्हणजे आपलं पुस्तकी मराठी. क्रियापद शेवटी आणि नामाआधी ही लांबलचक आगगाडी. फळ्यावर लिहून बघा: 'कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये बंगालमध्ये लागू केलेल्या पद्धतीत ठरलेला सारा मुदतीच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत न भरणाऱ्या जमीनदाराची जमीन लिलावात काढली जाई.' पोरं सूर्यास्तापर्यंत पोचेतो कॉर्नवॉलिसला विसरलेली असतात. मी वाक्य शेपटाकडून धरायला लावायचो. काढली जाई. काय? जमीन. कोणाची? जमीनदाराची. कुठल्या? सारा न भरणाऱ्या. कधीपर्यंत न भरणाऱ्या? मग त्याच एका वाक्याची चार-पाच छोटी वाक्यं वहीत. तासाला तीन वाक्यं झाली तरी पुष्कळ. पोर्शन मागे पडतो, साहेब बोलतात. बोलू द्यावं.

मधला_बाक:
आमच्याकडे चौघांचा गट करतो. एकाने पुढे काय येईल याचा अंदाज सांगायचा, एकाने प्रश्न काढायचे, एकाने अडलेलं सोडवायचं, एकाने थोडक्यात सांगायचं. परिच्छेद बदलला की कामं बदलायची. पॅलिन्सार आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी 1984 मध्ये ही पद्धत मांडली. सुरुवातीला स्वतः करून दाखवावं लागतं, नाहीतर 'कोणी?' आणि 'केव्हा?' यापुढे प्रश्नच येत नाहीत.

खडू_डस्टर:
मास्तर, आज शेपूट धरलं. तीन कुठली, दोनच वाक्यं झाली. पण पावसावाल्या मुलीने विचारलं, "बाई, जमीन लिलावात गेली तर ती कसणाऱ्यांचं काय व्हायचं?" पुढचा परिच्छेद त्यावरच आहे. तिने अजून वाचला नव्हता.