‘ओळखणे’ आणि ‘ओळख पटणे’ : काप्ग्रा विकाराला मराठीत काय म्हणावं?

चांदणवेल : एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 1923 साली जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने एका बाईची हकिगत लिहिली. नवरा, मुलं सगळी बदलली गेलीत, घरात वावरताहेत ती हुबेहूब दिसणारी भलतीच माणसं आहेत, असं तिचं म्हणणं. विकाराला पुढे काप्ग्राचंच नाव पडलं. मला ‘बहुरूपी-भ्रम’ सुचलंय, पण मन घेत नाही.

कोरांटी : बहुरूपी नको. त्याचं सोंग सगळ्यांना ठाऊक असतं. इथे ‘तोतया’च हवा. पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून जो उभा राहिला आणि 1776 मध्ये ज्याला देहान्त शिक्षा झाली, त्याच्यामुळे हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचांनीही तेच केलंय. काप्ग्राने वापरलेला ‘सोझी’ हा शब्द म्हणजे जुन्या नाटकातल्या एका नोकराचं नाव. देव त्याचं रूप घेतो आणि त्यालाच दारातून हाकलतो.

चांदणवेल : तोतयाभ्रम! घेतला. पुढचं वाक्य : ‘रुग्ण जवळच्या माणसांना ओळखत नाही.’ चालेल?

विषुववृत्त : नाही चालणार, तो वेगळा विकार झाला. 1947 मध्ये बोडामर या जर्मन डॉक्टरने डोक्यात गोळी लागलेल्या एका तरुणाबद्दल लिहिलं. त्याला घरच्यांचे चेहरे ओळखू येईनात, स्वतःचासुद्धा. नाक, डोळे दिसायचे, पण माणूस कोण ते कळायचं नाही. असे लोक आवाजावरून, चालीवरून ओळखतात. (याला कुणी ‘चेहरांधत्व’ म्हणतात. मला तो शब्द अजिबात आवडत नाही, आंधळेपणा कुठे आहे त्यात?)

तोतयाभ्रमात उलटं. ‘ही दिसते अगदी आईसारखी’ हे तो स्वतःच सांगतो, म्हणजे चेहरा ओळखलाय. ओळख पटत नाही. आपल्या भाषेत ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, आणि मेंदूतही ही कामं बरीचशी वेगळी चालत असावीत. 1984 मध्ये बाउअर या संशोधकाने चेहरे न ओळखणाऱ्या एका रुग्णाला ओळखीचे चेहरे दाखवून नावं वाचून दाखवली. त्याला सांगता काही येईना, पण बरोबर नावाला त्वचेवरच्या घामाची नोंद जास्त उमटायची (मनातली खळबळ शरीर अशी दाखवतं). तोतयाभ्रमाच्या रुग्णांत 1990 च्या दशकात नेमकं याच्या उलट दिसलं : चेहरा कळतो, पण जवळच्या माणसाला पाहून एरवी जी नोंद वाढते ती वाढत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोत मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांच्याकडच्या एका रुग्णाला समोरचे आईवडील तोतये वाटायचे, फोनवर मात्र तेच खरे वाटायचे. डोळ्यांची वाट तुटलेली, कानांची शाबूत.

कोरांटी : क्रियापदांवर इतका भार टाकू नका. ‘मृतदेहाची ओळख पटली’ यात कसली आलीय माया? तिथे पटणं म्हणजे पुराव्याने सिद्ध होणं.

विषुववृत्त : मान्य. आणि नुसती नोंद न वाढल्याने भ्रम होतोच असंही नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही लोकांतही ती वाढत नाही, तरी ते तोतया उभा करत नाहीत. शंका तपासून बाजूला ठेवण्याचं कामही बिघडलेलं असावं, असा तर्क आहे.

चांदणवेल : मग असं लिहिते : ‘रुग्णाला चेहरा ओळखू येतो, पण हे आपलंच माणूस आहे हे त्याच्या मनाला पटत नाही.’

कोरांटी : ‘मनाला’ ठेवा. पोलिसांचं पटणं त्यामुळे टळतं.