‘लाव्ह्याचा थर’ की ‘लाव्हाप्रवाह’?

प्रश्न : पारसिकच्या डोंगरावरील खडकांविषयी शाळेसाठी माहितीफलक लिहीत आहे. ‘लाव्ह्याचे थर’ लिहावे की ‘लाव्हाप्रवाह’? ‘बेसाल्ट’ऐवजी ‘असिताश्म’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते येथे ‘थर’ टाळावा. थर साचतो किंवा रचला जातो. धुळीचा थर, गाळाचा थर, दहीहंडीचे थर. लाव्हा मात्र वाहत येतो आणि वाहता वाहता थिजतो. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा असता तर मी आग्रह धरला नसता, पण ‘थर’ म्हटल्याने मोजणी चुकते.

मुंब्र्याच्या बाजूला डोंगर कापलेला दिसतो तेथे मी अनेकदा उभा राहिलो आहे. खाली काळाकभिन्न, घट्ट पाषाण, ज्यावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो; त्याच्यावर फिकट, ठिसूळ आणि वाटाण्याएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला दगड, ज्यावर तीच हातोडी बद्द वाजते. पाहणारा साहजिकच दोन थर मोजतो. वास्तविक हे दोन्ही भाग पुष्कळदा एकाच प्रवाहाचे असतात : लाव्हा द्रवरूप असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढतात, वरची साय थिजल्यामुळे तिच्याखाली अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी यांसारखी खनिजे साचतात. विहिरी खणणारे या सच्छिद्र दगडाला ‘मांजऱ्या’ म्हणतात आणि घट्ट दगडाला ‘काळा पाषाण’. त्यांच्या बोलीत कातळ ‘लागतो’, मुरूम ‘लागतो’. वरून खाली जाताना काय भेटते याची ती नेमकी नोंद असते, आणि म्हणून फलकावर ‘मांजऱ्या’ हा शब्द अवश्य यावा.

‘थर’ शोभतो तो दोन प्रवाहांमधील तांबड्या मातीला. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये काळ जातो, पृष्ठभाग झिजतो, कधी राख पडते, आणि नंतरचा तप्त लाव्हा त्यावरून वाहतो. नवी मुंबईत एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात मी असा वीतभर जाडीचा लाल पट्टा पाहिला होता. तो बोटाने चुरता येत होता आणि वरचा कातळ मात्र यंत्रालाही दाद देत नव्हता.

प्रवाहांच्या गटासाठी ‘शैलसमूह’ हा शब्द रूढ आहे आणि तो योग्य आहे. सह्याद्रीतील अनेक प्रवाह डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे त्यांचे गट पाडताना टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आधार घ्यावा लागला. नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी ही गटांची नावे आपल्याच गावांची आणि घाटांची आहेत. बुशे शैलसमूहात भूकवचातील खडकांची भेसळ ठळक आढळते, तर आंबेनळीत ती फारच कमी. वर येताना शिलारस कोणत्या खडकांतून गेला, हे या रसायनावरून ताडता येते. ‘शिलारस’ म्हणजे जमिनीखालचा, ‘लाव्हा’ म्हणजे बाहेर आलेला, एवढा भेद फलकावरही पाळावा. ‘लाव्हारस’ मला अनावश्यक वाटतो, कारण लाव्हा हाच मुळात रस आहे. तरी पाठ्यपुस्तकांत तो रुळल्यामुळे त्याला चूक म्हणणार नाही.

आता ‘असिताश्म’. असित म्हणजे काळा, अश्म म्हणजे दगड. शब्द सुरेख आहे, पण तो रंग सांगतो आणि बेसाल्टची ओळख रंगावर ठरत नाही. सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असणे, आणि प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सीन ही मुख्य खनिजे असणे, ही खरी ओळख आहे. झिजलेला बेसाल्ट तपकिरी किंवा हिरवट होतो. उलट मुंबईच्या जुन्या इमारतींत दिसणारा पिवळसर मालाड दगडही ज्वालामुखीचाच, पण तो ट्रॅकाइट, म्हणजे बेसाल्टहून जास्त सिलिका असलेला वेगळा खडक आहे. म्हणून विद्यार्थ्यांसाठी ‘बेसाल्ट’च ठेवावा.

फलकाचे पहिले वाक्य मी असे सुचवीन : ‘सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेले आणि एकावर एक थिजलेले लाव्हाप्रवाह म्हणजे हा डोंगर.’