जुन्या मॉडेल रॉकेट किटची ओळख: एस्टेस की सेंचुरी?

गॅरेजवाला, न्यू जर्सी

इथल्या एका एस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) मॉडेल रॉकेटचा खोका मिळाला. किटचं नाव छापलेली वरची कार्डं कुठल्याच पिशवीवर नाहीत. मापं व्हर्नियरने घेतली आहेत.

क: सुट्या भागांची पिशवी. नळी बाहेरून २४.८ मिमी, बाल्साचा (हलक्या लाकडाचा) नोज कोन, म्हणजे टोकाचा शंकू, तीन फिन्स (शेपटीचे पंख) छापलेली बाल्साची फळी. सूचनापत्रक अर्धं फाटलंय, पण तळाशी ‘बॉक्स २२७, पेनरोज, कोलोरॅडो ८१२४०’ आणि डेमनचं नाव वाचता येतं.
ख: जोडून रंगवलेलं मॉडेल. नळी ४१.८ मिमी, चार मोठ्या गोलसर फिन्स.
ग: नुसती नळी, २६.४ मिमी. ‘क’चा कोन तिच्यात खुळखुळतो.

शिवाय ‘बी.८-४’ छापलेल्या चार मोटरी आहेत. हे सगळं कुठलं, कधीचं? आणि मोटरी चालतील का?

बाल्साभुसा

आधी ‘ग’, कारण ते सोपं आहे. २६.४ मिमी म्हणजे सेंचुरीची एसटी-१० मापाची नळी. सेंचुरी ही फिनिक्स, ॲरिझोनाची कंपनी. तिच्या नळ्यांचे आकडे बहुतेक आतल्या व्यासावरून, इंचाच्या दहाव्या भागात: एसटी-१० आतून एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. ‘क’ची नळी एस्टेस या दुसऱ्या कंपनीची बीटी-५०, आतून २४.१ मिमी; पेनरोजचा पत्ताही एस्टेसचाच. कोनाची नळीत शिरणारी मान तेवढ्याच मापाची, म्हणून तो सव्वा मिलिमीटर सैल बसतो. टेप गुंडाळून बसवू नका, ते दोन वेगळ्या किटचे भाग आहेत. पण नुसत्या नळीवरून ‘ग’चं किट सांगता येणार नाही. एसटी-१० वर बरीच मॉडेलं होती.

‘क’ बहुधा एस्टेसचं अल्फा नावाचं किट. नळीत कोन बसवून एकूण लांबी मोजा. साधारण ३१ सेंमी भरली आणि फिन्स मागे झुकलेल्या असतील तर अल्फाच. अल्फा आजही विकतात, त्यामुळे नुसतं ‘अल्फा आहे’ म्हणून ते जुनं ठरत नाही. फळी हातात घेऊन फिनच्या कडा भिंगातून पाहा. साच्याने दाबून कापलेल्या फळीत कडेचे तंतू चेपलेले असतात आणि कोपऱ्यांत फिन फळीला चिकटून राहिलेली असते. लेझरची कड तपकिरी, जळकी आणि सरळ दिसते. तशी दिसली तर किट अलीकडचं.

कॅलिपर

वरचं बरोबर, पण ‘ख’च्या बाबतीत व्यासावर विसंबू नका. एस्टेसची बीटी-६० बाहेरून ४१.६ मिमी, सेंचुरीची एसटी-१६ ४१.७. रंगाचा थरच याहून जाड असतो, तुमचा ४१.८ हा आकडा त्यातूनच आला असणार. बीटी-५५ (३३.७) आणि एसटी-१३ (३४.०) यांचंही तसंच. या मापांत व्हर्नियर निवाडा देत नाही, फिनचा आकार आणि मोटरची बैठक देते.

नळी कालांतराने लंबगोल होते, म्हणून काटकोनात दोनदा मोजून सरासरी घ्या. व्हर्नियरचे जबडे दाबू नका, कागद अर्धा मिलिमीटर सहज चेपतो. त्यापेक्षा कागदाची पट्टी गुंडाळून परीघ काढा आणि ३.१४ ने भागा.

बीटी-६० ची नळी आणि चार गोलसर फिन्स म्हटलं की सगळे एस्टेसचं ‘बिग बर्था’ म्हणून मोकळे होतात. पण त्याच रूपाचं आधीचं किट होतं रेंजर, किट नंबर के-६. मॉडेल उलटं धरून टॉर्च मारा. एकच मोटर-नळी दिसली तर बर्था, तीन दिसल्या तर रेंजर.

तारखेबद्दल: पत्त्यात ८१२४० आहे, म्हणजे पत्रक १९६३ च्या आधीचं नाही, कारण अमेरिकेत झिप कोड त्या वर्षी आले. डेमन या कंपनीने एस्टेस विकत घेतली १९६९ मध्ये, म्हणजे ‘क’ त्यानंतरचं. पत्रकावरचं कॉपीराइटचं वर्ष मात्र किटचं वय समजू नका, तेच पत्रक वर्षानुवर्षं छापत राहायचे. फाटलेल्या भागात किट नंबर सापडला तर जास्त उपयोग. अल्फा आधी के-२५ होती, ७० च्या दशकात ती १२२५ झाली. बर्था तशीच के-२३ वरून १२२३.

काळीदारू

मोटरींचं मी सांगतो: पेटवू नका. ‘बी.८-४’ मधला .८ हा सरासरी रेटा पौंडात आहे, ४ म्हणजे छत्री उघडण्याआधीचे सेकंद. ६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे आकडे न्यूटनमध्ये गेले, म्हणजे या मोटरी त्याआधीच्या. गॅरेजमध्ये इतके उन्हाळे-हिवाळे काढल्यावर दाबून भरलेली काळी दारू कागदी कवचापासून सुटते किंवा तिला तडे जातात. ज्योत त्या फटीत शिरली की एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. बाहेरून कवच ठणठणीत दिसतं, त्यामुळे बघून निवड करता येत नाही.

कोन नळीला बांधून ठेवणारी रबरी दोरी, म्हणजे शॉक कॉर्डही बदला. हळूच ताणून पाहा, जुनी असेल तर मऊपणे लांबायच्या ऐवजी तुकडा पडेल. ‘क’मध्ये डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) असेल तर पाण्यात घालण्याआधी त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात मारा, नाहीतर पाण्यात त्याचा चुरा होतो. आणि फिनची फळी मोडण्याआधी शेजारी पट्टी ठेवून १०० टक्के मापात स्कॅन करा.

गॅरेजवाला

‘क’ ३१.१ सेंमी, कडा चेपलेल्या, लेझर नाही. टॉर्च मारला, ‘ख’मध्ये तीन नळ्या आहेत. दोन काळ्या, एक आतून कोरी.

कॅलिपर

मग ‘ख’ रेंजर, आणि त्या मोटरी बहुधा तिच्याच. कोऱ्या नळीतली मोटर पेटलीच नसावी. तीन मोटरी एकदम पेटवण्यात नेहमीची अडचण तीच. उरलेल्या दोघींनी मॉडेल तिरकं गेलं असणार. त्या बाजूच्या फिनच्या मुळाशी भेग आहे का, नखाने चाचपून बघा.