निदेशकानं शिकायचं, पण कुणाच्या पैशानं?

फिटर निदेशक, कळंबा
मी आयटीआयमध्ये तासिकेवर फिटर शिकवतो. जागा निघाली की आधी सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचं प्रशिक्षण, झालंय का विचारतात, म्हणून मुंबईत राहून तो एक वर्षाचा कोर्स केला. तिथं जे शिकलो ते सोन्यासारखं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमचं गणित असं की तास नाही तर पैसे नाहीत. वर्षभर कमाई बंद, वर खोलीभाडं, मेस, महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, त्या अजून तिथंच आहेत. मुलगी पहिल्यांदा चालली ते मी फोनवर बघितलं. हा खर्च माझ्या एकट्याचा का?

शॉपवाला, शिरोली
सर, राग मानू नका. माझ्या मशिन शॉपमध्ये येणारी पोरं व्हर्नियरवरचं माप नीट वाचतात, पण सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशिनवर, टूल ऑफसेट (हत्याराचं माप) द्यायला सांगितलं की हात थांबतो. निदेशकाचा हात मशिनवर बसला नसेल तर पोरांचा कुठून बसणार? मीही त्या मशिनचं फानुक कंपनीचं कंट्रोल स्वतःच्या पैशानं, रात्री जागून शिकलो. तालमीत वस्ताद स्वतः जोर मारतोच की.

फिटर निदेशक, कळंबा
वस्तादाचं काढलंत म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी नुसतं खासबाग मैदान बांधलं नाही, मल्लांना राजाश्रयही दिला. खुराक घरून आणा आणि कुस्ती आमच्यासाठी खेळा, असं नाही सांगितलं. तुम्ही कंट्रोल शिकलात, त्याचं काम तुमच्याच शॉपला मिळालं. मी शिकलो, माझा तासाचा दर तोच आहे.

इलेक्ट्रॉनिक्स मॅडम
मी कायम नोकरीत आहे, पगार चालू राहतो, तरी पैशापलीकडचं सांगते. प्रशिक्षण नेमकं मे महिन्यात लागतं. गेल्या वेळी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नणंदेला सांगलीहून बोलावून गेले. तरीही शॉपवाल्या दादांशी मी सहमत आहे. गेले नसते तर पोरांना जुन्याच वहीतलं शिकवत बसले असते. माझं मागणं एवढंच, की तारखा दोन महिने आधी कळवा.

शॉपवाला, शिरोली
तासाच्या दराचं मला खरंच माहीत नव्हतं. रविवारी आमच्या शॉपवर या, व्हीएमसी (उभं सीएनसी मशिन) मोकळं ठेवतो. फी नको.

फिटर निदेशक, कळंबा
मनापासून आभार. पण रविवार हा लेकीबरोबरचा एकच दिवस आहे हो. तुमची सुट्टी सोमवारी असते ना? सोमवारी पोरांनाच घेऊन आलो तर? माझा तासही भरेल आणि आम्ही सगळे एकाच मशिनवर शिकू. आमच्या प्राचार्यांना तुमच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मात्र लागेल.

शॉपवाला, शिरोली
पत्र उद्या देतो. पोरं किती, तेवढं कळवा. सेफ्टी शूज आहेत का सगळ्यांकडं?