आयएनआर घरी मोजणं: आमचा अनुभव
घरच्या मशिनवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बघून रक्त पातळ करायची गोळी आपणच कमी-जास्त करावी का, असं बरेच जण विचारतात. आईला हृदयात धातूची मायट्रल झडप बसवल्यापासून आम्ही घरीच मोजतो, म्हणून लिहिते. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, मिनिटभरात आकडा. तिला २.५ ते ३.५ ठरवून दिलंय. कालनिर्णयच्या चौकटीत आकडा आणि गोळी दोन्ही लिहून ठेवतो.

जर्मनीत १९८० च्या दशकापासून रुग्णांना रीतसर शिकवून हे करू देतात. ते शिकणंच महत्त्वाचं. गोळी बदलली की पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. आम्ही एकदा दुसऱ्याच दिवशी आकडा हलला नाही म्हणून पुन्हा वाढवली, आणि आठवड्यात आईच्या दंडावर जांभळे डाग उठले. फार घाबरलो होतो हो. आता डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तक्त्याबाहेर पाव गोळीसुद्धा हलवत नाही.

पालक-मेथीने आकडा खाली येतो, तरी ती बंद करू नका, फक्त प्रमाण सारखं ठेवा. अँटिबायोटिक सुरू झालं तर लवकर मोजा. अंगदुखीला ब्रुफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.