मेन्यूतली प्रोग्रामची नावं आपण बदलावीत का?

मिरजकर:
माझं ठाम मत आहे, ज्याचं मशीन त्याचा मेन्यू. आईच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. वीजबिल स्कॅन करायचं म्हटलं की दर महिन्याला फोन: "अरे, ते कुठल्या नावाने असतं?" मेन्यूत 'डॉक्युमेंट स्कॅनर' लिहिलेलं. शेवटी त्या प्रोग्रामची डॉट-डेस्कटॉप फाइल (मेन्यूतलं नाव आणि चिन्ह हिच्यातून येतं) यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स या सिस्टिमच्या फोल्डरातून कॉपी केली, आईच्या होम फोल्डरात डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये त्याच नावाने ठेवली आणि 'नेम'च्या ओळीत लिहिलं, 'बिल स्कॅन करा'. मूळ फाइलीला हात लावला नाही, कारण अपडेट आलं की ती पुन्हा पहिल्यासारखी होते. आता आई कुणाला न विचारता स्कॅन करते.

रत्नागिरीकर:
मला हे पटत नाही. होममधल्या प्रतीला मान पहिला, म्हणून मूळ फाइलीत पुढे काहीही सुधारलं तरी आईला जुनीच प्रत दिसत राहणार. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या रूपात आलं आणि त्याच्या डेस्कटॉप फाइलीचं नावही बदललं. जुन्या नावाची प्रत होममध्ये राहिली असेल तर मेन्यूत दोन फायरफॉक्स! आपण ओळखू, आई कुठल्यावर क्लिक करतील? त्यापेक्षा सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून शोधायला शिकवा त्यांना.

मिरजकर:
नाव बदलण्याआधी शिकवलं होतं. ती देवनागरीत 'बिल' टाइप करायची आणि समोर काहीच यायचं नाही. त्याच फाइलीत 'कीवर्ड्स'ची ओळ असते, तिथे बिल, स्कॅन हे शब्द अर्धविराम देऊन जोडले, तेव्हा कुठे शोधात सापडायला लागलं. म्हणजे तुमचा उपायही त्या प्रतीशिवाय होत नाही. प्रत जुनी पडते हे मात्र खरं. दिवाळीला घरी गेलो की दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून तपासतो.

लॅबवाल्या बाई:
शाळेतली मशीन मराठीत आहेत. मी 'नेम' बदललं तर मेन्यूत काहीच फरक पडेना. अर्धा तास गेला. मग दिसलं, खाली 'नेम'पुढे चौकटी कंसात एमआर (म्हणजे मराठी) अशी वेगळी ओळ होती. मशीन मराठीत असेल तर तीच दिसते, तीच बदलायची.

एका मशीनवर बरीच खाती असतील तर प्रत यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये ठेवा. सगळ्यांना लागू होते आणि पॅकेजचं अपडेट तिला शिवत नाही. पण शाळेत नावं बदलू नयेत असंच मला वाटतं. मूल उद्या दुसरीकडे बसेल तेव्हा तिथे 'चित्र काढा' नसेल, 'जिंप' हे त्या प्रोग्रामचं मूळ नाव असेल. मी नको ते प्रोग्राम त्यांच्या फाइलीत 'नोडिस्प्ले'ची ओळ ट्रू करून मेन्यूतून लपवले, नावं तशीच ठेवली.

रत्नागिरीकर:
बाईंशी सहमत. कीवर्ड्सचं मान्य, तेवढं मीही करेन. पण मग नाव बदलायची गरज उरली कुठे? उद्या शेजारचं कोणी मदतीला आलं आणि 'डॉक्युमेंट स्कॅनर' शोधत बसलं तर?

मिरजकर:
मूळ नावही मी कीवर्ड्समध्ये ठेवलंय, ते टाइप केलं तरी तेच चिन्ह समोर येतं. शेजारी वर्षातून एकदा येतील, आईला मेन्यू रोज वाचायचा असतो. नाव तिच्या बोलण्यातलंच राहील.