पूर्ण संख्या की परिपूर्ण संख्या?

प्रश्न : एका गणितविषयक लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 3,35,50,336 ही संख्या आली आहे. तिला निःशेष भागणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्या मिळवल्या की पुन्हा तीच येते. मी 'पूर्ण संख्या' लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्यांनी विचारलं, "पूर्ण तर 7 सुद्धा आहे, मग हिचं काय वेगळं?" कुठला शब्द घ्यावा? आणि विभाजक म्हणू की अवयव?

प्रतिसाद : त्यांचं बरोबर आहे. 0, 1, 2, 3… या पूर्ण संख्या आपण शाळेपासून म्हणतो. तिथे 'पूर्ण'चा अर्थ 'तुकडा नाही' एवढाच. तुम्हाला हवी ती 'परिपूर्ण'. 'पूर्ण वर्ग'मध्ये घोळ होत नाही, कारण 'वर्ग' सोबत असतो. (तुमची संख्या परिपूर्ण आहे, पण पूर्ण वर्ग नाही.)

अवयव-विभाजकासाठी क्रियापदं बघा. अवयव पाडतात, विभाजक काढतात, भाग जातो, बाकी उरते. हिचे मूळ अवयव पाडले तर 2 बारा वेळा आणि 8191 एकदा, संपलं. विभाजक मात्र 26 आहेत. 'अवयवांची बेरीज' लिहिलंत तर एखादा बारा वेळा 2 आणि त्यात 8191 मिळवून 8215 काढून बसेल, आणि चूक त्याची नसेल. विभाजकच लिहा.

प्रतिसाद : जाता जाता, हिच्या अंकांची बेरीज 28. तीही परिपूर्ण! 1 + 2 + 4 + 7 + 14.

प्रश्नकर्ता : आणखी एक अडचण. 8191 ही मूळ संख्या, आणि दुसऱ्याच ओळीत 64 हे 4096 चं वर्गमूळ. दोन 'मूळ' खटकतात. 'अविभाज्य' करू का?

प्रतिसाद : नको. 'मूळ संख्या' रुळलेला शब्द आहे, 'अविभाज्य' वाचून लोक अडखळतील. शिवाय व्याकरण दोघांना वेगळं ठेवतं. 'मूळ संख्या'तलं मूळ विशेषण, 'मूळ गाव'मधल्यासारखं, ते बदलत नाही : मूळ संख्येने, मूळ संख्यांची. 'वर्गमूळ'मधलं नाम, ते चालतं : वर्गमुळाने, समीकरणाची मुळं. कानाला फरक आपोआप कळतो.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : '3,35,50,336 ही परिपूर्ण संख्या आहे, कारण तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते.'

प्रतिसाद : 'स्वतःला वगळून' राहिलं की! प्रत्येक संख्या स्वतःचा विभाजक असतेच. तुमच्या वाक्याप्रमाणे बेरीज 6,71,00,672 येईल.